लेव्हल ५ म्हणजे बिनचूक सॉफ्टवेअर नव्हे

'कंपनी सीएमएमआय लेव्हल ५ आहे, म्हणजे सॉफ्टवेअर बिनचूक आणि वेळेवर मिळणारच' हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सीएमएमआय हे कंपनीची काम करण्याची पद्धत किती पक्की आहे ते १ ते ५ लेव्हलमध्ये मोजणारं मॉडेल आहे; ५ ही सर्वात वरची लेव्हल. या मॉडेलचं मूळ रूप, सीएमएम, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात तपासली जाते ती काम करण्याची पद्धत. तयार सॉफ्टवेअर या मूल्यांकनात कोणी तपासत नाही. शिवाय मूल्यांकन ठरावीक विभागापुरतं असतं आणि ३ वर्षांनी त्याची मुदत संपते. म्हणून कंत्राट देण्याआधी विचारा: मूल्यांकन कोणत्या विभागाचं, कधीचं, आणि आमचं काम तोच विभाग करणार का?

राहिला प्रश्न 'वेळेवर'चा. स्पर्धेत टिकायला वेग लागतो, आणि तो बहुतेकदा रांगेत अडकतो. एक छोटा बदल घ्या: कोड लिहायला २ तास, रिव्ह्यूची (सहकाऱ्याने कोड तपासण्याची) वाट ३ दिवस, टेस्टिंग सर्व्हरसाठी आणखी ४ दिवस. कोडिंग दुप्पट वेगाने केलं तरी वाचतो फक्त १ तास! अशा वेळी 'सुधारणा' म्हणून आणखी एक फॉर्म, आणखी एक सही आली की रांग लांबते. मग लोक बदल साठवून एकदम सोडतात, आणि बिघाड नेमका कशामुळे झाला ते हाती लागत नाही.

त्याऐवजी बदल लहान ठेवा, रिव्ह्यू त्याच दिवशी संपवा, टेस्ट आपोआप चालू द्या. सुरुवातीला दोनच आकडे मोजा: कोड जमा झाल्यापासून ग्राहकापर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात, आणि दर १०० रिलीजपैकी किती मागे घ्यावे लागतात.