सतार अमीर खुसरो यांनी घडवली का?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील मुले सतार शिकू लागली की हे वाद्य अमीर खुसरो यांनी घडवले, असे त्यांना आजही हमखास सांगितले जाते. परंतु या समजुतीला समकालीन आधार नाही. खुसरो यांचा काळ १२५३ ते १३२५ असून, संगीताची उत्तम जाण असलेल्या या कवीच्या लेखनात सतारीचा उल्लेख सापडत नाही. अबुल फझल यांनी अकबरकालीन वाद्यांची जी माहिती नोंदवली, तिच्यातही वीणा आणि रबाब आहेत, सतार नाही. म्हणजे ज्यांच्या समाधीपाशी ग्वाल्हेरच्या समारोहात आता सतार रंगते, त्या तानसेनांच्या काळी ती दरबारी वाद्यांत नव्हती.

सतारीचे स्पष्ट उल्लेख १७४०च्या सुमारास दिल्लीत मिळतात आणि तिचे श्रेय अभ्यासक ख्यालरचनाकार सदारंगांच्या घराण्यातील खुसरो खाँ यांच्याकडे नेतात. नामसाधर्म्यामुळेच घोटाळा झाला असावा. हिंदुस्थानी संगीतावर ग्रंथ लिहिणाऱ्या कॅप्टन विलर्ड यांनी १८३४ मध्ये सतारीला आधुनिक वाद्य म्हणतानाच तिचे जनकत्व अमीर खुसरो यांना दिले, ही विसंगती पुढे फारशी कोणी तपासली नाही. तरफेच्या तारा, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा, तर त्याहूनही नंतर, एकोणिसाव्या शतकात रुळल्या.