बारीक कुंचला: बांधणी बदलली, तशी निगाही

मराठवाड्यात कुंचल्याचा विषय अजिंठ्यापासूनच सुरू होतो. पाचव्या शतकातल्या वाकाटक चित्रकारांनी तिथे कोरड्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावले. पापणीची किंवा बोटाच्या टोकाची एकसंध रेषा पाहिली की कुंचल्याचं टोक किती जपलेलं असणार, हे चित्र काढणाऱ्याला लगेच कळतं.

कुंचल्याच्या बांधणीचं लेखी वर्णन मिळतं ते पुढे चालुक्यांच्या काळात. मराठवाड्याच्या सीमेला लागूनच असलेल्या कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. वासराच्या कानातले केस घ्यावेत आणि लाखेने काडीच्या टोकाला बसवावेत, असं त्यात सांगितलं आहे. लाख उष्णतेने मऊ होते आणि खारात विरघळते. म्हणजे असा कुंचला कढत पाण्यात बुडवला किंवा सोड्याने धुतला, तर केसांची पकडच सुटणार. त्याला थंड पाणी आणि हलका हात हवा.

लघुचित्रांच्या काळात खारीच्या शेपटीचे केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवले जाऊ लागले. या नळीची अडचण वेगळी. ती वाळली की ठिसूळ होऊन चिरते. मराठवाड्यातला एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणला, की असा कुंचला उन्हात वाळवू नये हे निराळं सांगावं लागत नाही.

निगेतला सर्वांत मोठा बदल मात्र तैलरंगाने घडवला, आणि मराठवाड्यात त्याची ठळक नोंद पुन्हा अजिंठ्याचीच आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४पासून तिथे भित्तिचित्रांच्या नकला कॅनव्हासवर तैलरंगात करत होते. त्यातल्या बऱ्याचशा १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, ही हळहळ आजही वाटते. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की टर्पेंटाइनलाही सहज दाद देत नाही. काम संपताच कुंचला धुण्याची शिस्त इथून आली. आधी कापडाने रंग निपटायचा, मग टर्पेंटाइन, शेवटी साबण. रंग केसांच्या मुळाशी साचला तर केस बाहेरच्या बाजूला फाकतात आणि टोक परत येत नाही. ही चूक मला सर्वांत महागाची वाटते, कारण ती दिसते तोवर उशीर झालेला असतो.

एकोणिसाव्या शतकात धातूची नळी रुळली आणि कुंचला टिकाऊ झाला. पण आत लाकडाची दांडी आहेच. ओला कुंचला केस वर करून उभा ठेवला की पाणी नळीत उतरतं, लाकूड फुगतं, रंगाचा लेप तडकतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच लाकूड आक्रसतं आणि नळी खुळखुळते. म्हणून बोटांनी टोक जुळवून कुंचला आधी सावलीत आडवा वाळवावा, पूर्ण वाळल्यावरच उभा ठेवावा. पाण्याच्या पेल्यात केसांवर उभा तर कधीच नको. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांना हे पहिल्याच तासाला सांगायला हवं.

केसांना कसर लागते, कारण या किड्यांच्या अळ्या केसांतलं केराटिन खातात. रंगाचा किंवा सरसाचा अंश राहिला तर धोका वाढतो. ऑगस्टच्या दमट हवेत ओलसर कुंचला डब्यात बंद केला, तर बुरशी येते. पूर्ण वाळवूनच बंद डब्यात ठेवावा, सोबत डांबरगोळी.

मुंगसाच्या केसांचे कुंचले आपल्याकडे बराच काळ सर्रास मिळत. आता वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा व्यापार गुन्हा आहे, आणि ते योग्यच झालं. त्यांची जागा नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंनी घेतली. त्यांना कसर लागत नाही, पण टोक एकदा वाकलं की वाकडं राहतं. गरम पाण्यात क्षणभर बुडवून टोक बोटांनी सरळ केलं की बऱ्याचदा ते जागेवर येतं. लाखेच्या बांधणीला जे गरम पाणी घातक होतं, ते इथे उपयोगी पडतं. फक्त नळीपर्यंत बुडवायचं नाही.