केए की एमएच, इंजिन की बॅटरी : सीमाभागातील मोटारनिवडीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातल्या ज्या मोटारप्रेमींनी दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने डिझेल गाडी घेतली, ते आता पुढच्या गाडीचा विचार करू लागले आहेत. विजेवरची, हायब्रिड (इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी), इथेनॉलमिश्रित पेट्रोलवरची, पुन्हा एकदा डिझेल, किंवा आहे तीच गाडी आणखी पाच वर्षे, एवढे पर्याय त्यांच्यापुढे आहेत. पुण्यात किंवा बंगळुरात हा प्रश्न मुख्यतः तंत्राचा आणि खिशाचा असतो. सीमाभागात मात्र त्याला पासिंगचा, म्हणजे कर्नाटकाचा ‘केए’ क्रमांक की महाराष्ट्राचा ‘एमएच’, हा प्रश्न पहिल्यापासून चिकटलेला आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय इथला जाणकार चालक कोणत्या गाडीपुढे का थबकतो, हे नीट उमगत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याचा एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. त्याआधी या सगळ्या मुलखातल्या मोटारींना एकाच राज्याचे नियम लागू होते. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, म्हैसूर राज्याने मोटारकराचा स्वतःचा कायदा केला आणि १९५८ मध्ये मुंबई राज्याने आपला. हे दोन्ही कायदे अनेक दुरुस्त्यांसह अनुक्रमे कर्नाटकात आणि महाराष्ट्रात आजही चालू आहेत. चंदगडच्या माणसाची बाजारपेठ, दवाखाना आणि कॉलेज बेळगावातच राहिले, त्याच्या गाडीचा कर तेवढा कोल्हापुरात जाऊ लागला. पुढे पुणे-बंगळूर मार्ग सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झाला, कोल्हापूर ते बेळगाव हे सुमारे ११० किलोमीटरचे अंतर दोन तासांच्या आत आले आणि दोन राज्यांतला रोजचा प्रवास आणखी वाढला.

‘पासिंग’ हा शब्द इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि बराचसा घोटाळा तिथूनच सुरू होतो. गाडीची नोंदणी म्हणजे पासिंग, त्या वेळी भरलेला आजीवन कर म्हणजेही पासिंग, आणि टेम्पो-ट्रकची योग्यता तपासणीही पासिंगच. कायद्यात या तिन्ही बाबी वेगळ्या आहेत. नोंदणी १९८८ च्या केंद्रीय कायद्याने होते आणि एका राज्यात केलेली नोंदणी देशभर वैध असते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर मात्र तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. कर हा राज्याचा विषय आहे आणि त्याचे दर ज्याचे त्याने ठरवायचे असतात. त्यामुळे ‘माझी गाडी एमएच-०९ पासिंगची आहे, ती कुठेही चालते’ असे म्हणणारा नोंदणीपुरता बरोबर असतो आणि करापुरता अपुरा.

या दोन बाबींमधली फट २०१४ मध्ये सगळ्यांना जाणवली. त्या वर्षी कर्नाटकाने आपल्या करकायद्यात दुरुस्ती करून, परराज्यातील खासगी गाडी राज्यात तीस दिवसांहून अधिक काळ राहिली तर तिच्यावर आजीवन कर लागू होईल, अशी तरतूद केली. महसूल बुडतो ही सरकारची तक्रार निराधार नव्हती. कर कमी असलेल्या राज्यात महागड्या गाड्यांची नोंदणी करून त्या वर्षानुवर्षे बंगळुरात चालवणारे लोक होते आणि आजही आहेत. पण जो नियम राजधानीतल्या आलिशान गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केला गेला, तो सीमेलगतच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या कारखान्यातून रोज संध्याकाळी बेळगावात येणाऱ्या माणसालाही जसाच्या तसा लागू झाला. त्याचे घर चंदगड तालुक्यात, मुले बेळगावच्या शाळेत, आणि गाडी दिवसातून दोनदा सीमा ओलांडणारी. तीस दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले, हे त्याने कशाने सिद्ध करायचे? सलग तीस दिवस मोजायचे की तुकड्या-तुकड्यांनी, आणि टोलची पावती पुरावा म्हणून चालेल का, यावर रस्त्यात हुज्जत घालण्याची पाळी सामान्य चालकावर आली. एकदा भरलेल्या कराचा उरलेला भाग मूळ राज्याकडून परत मिळवता येतो हे खरे, पण त्यासाठी ना हरकत दाखला, नवी नोंदणी आणि मग परताव्याचा अर्ज असा क्रम पार करावा लागतो, आणि नोकरदार माणसाच्या रजा त्यातच संपतात.

२०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द ठरवली, कारण तीस दिवसांची मर्यादा केंद्रीय कायद्यातील बारा महिन्यांच्या मुदतीशी विसंगत होती. सीमाभागाच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा होता आणि त्याची जितकी दखल घेतली जायला हवी होती तितकी घेतली गेली नाही, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. कारण दोन वर्षांत लोकांच्या मनात जे बसले ते निकालाने पुसले गेले नाही. गाडी आवडीने निवडायची आणि पासिंग भीतीने ठरवायचे, ही सवय तेव्हाची आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून सुरू झालेल्या, देशभर एकच क्रमांक चालणाऱ्या ‘बीएच’ मालिकेने लष्करातल्या, सरकारी सेवेतल्या आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांतल्या नोकरदारांची अडचण पुष्कळ कमी केली. बेळगावच्या छावणीत बदलून येणाऱ्या जवानाला तिचा उपयोग झाला. शेतकरी, दुकानदार किंवा लहान कारखान्यातला कामगार मात्र तिच्या कक्षेबाहेरच राहिला, आणि सीमेवर रोज ये-जा करणारा वर्ग मुख्यतः हाच आहे.

डिझेलचे वेड इथे का रुजले, हे वेगळे सांगायला नको. पेट्रोलच्या किमती २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाल्या आणि डिझेलच्या २०१४ मध्ये. मधल्या काळात दोन्हींत लिटरमागे पंचवीस रुपयांहून अधिक फरक पडला आणि देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलवरच्या झाल्या. चोर्ला किंवा आंबोली घाटात चार माणसे आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढणाऱ्या डिझेल इंजिनाची ओढ ज्याने अनुभवली, त्याला लहान पेट्रोल इंजिन सहजी पसंत पडत नाही. त्यात महाराष्ट्रापेक्षा कर्नाटकात इंधन स्वस्त असल्याने कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर एमएच गाड्यांची रांग ठरलेली. २०२४ च्या जूनमध्ये आणि पुन्हा २०२५ च्या एप्रिलमध्ये कर्नाटकाने डिझेलवरचा विक्रीकर वाढवला, तेव्हा हा फरक घटला. त्याआधीच, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू होताना, देशातील सर्वांत मोठ्या मोटार उत्पादकाने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले होते.

राजधानी दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर घातलेली बंदी इथे लागू नव्हती, तरी तिच्या धास्तीने इथल्याही गाड्यांचे भाव पडले. उलट तिकडच्या सुस्थितीतल्या मोठ्या गाड्या ना हरकत दाखला घेऊन दक्षिणेत स्वस्तात येऊ लागल्या. हौशी माणसाला हा सौदा आकर्षक वाटतो, पण इथे नवा क्रमांक घेताना वयानुसार आजीवन कर भरावा लागतो, तो धरूनच हिशेब करायला हवा.

इथेनॉलचा प्रश्न या भागात जितका जवळचा आहे तितका क्वचितच कुठे असेल. चिकोडी, अथणी, रायबाग आणि हुक्केरी हा उसाचा पट्टा, इथले अनेक साखर कारखाने इथेनॉल बनवतात, आणि मिश्रणाबद्दल कुरकुरणारा गाडीमालक पुष्कळदा स्वतःच ऊस उत्पादक असतो. पेट्रोलमध्ये पाच टक्के मिश्रणाची सुरुवात २००३ मध्ये झाली, दहा टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला आणि वीस टक्क्यांचे २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट २०२५ वर आणले गेले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून जुन्या रचनेच्या मोटारीचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांपर्यंत घटू शकते, हे खुद्द सरकारी आराखड्यातच नोंदवलेले होते. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सील या मिश्रणाला टिकतील अशा असतात. त्याआधीची गाडी सांभाळणाऱ्याला मात्र पंपावर कमी मिश्रणाचा पर्याय उरला नाही, आणि ही तक्रार रास्त आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ते उठले. त्या काळात एकाच घरात उसाच्या बिलाची आणि गाडीच्या ॲव्हरेजची चर्चा एकदमच होत होती.

विजेवरच्या गाड्यांना कर्नाटकाने २०१६ पासून करमाफी दिली आणि २०२४ मध्ये २५ लाखांहून महागड्या गाड्यांवर १० टक्के आजीवन कर बसवला. हायब्रिडला अशी सवलत मिळाली नाही. त्यामुळे २२ लाखांच्या पेट्रोल हायब्रिडवर कर्नाटकात १८ टक्क्यांप्रमाणे जवळजवळ चार लाख रुपये कर पडतो, महाराष्ट्रात १३ टक्क्यांप्रमाणे २ लाख ८६ हजार, आणि २०२४ च्या त्या नियमानुसार तेवढ्याच किमतीच्या विजेवरच्या गाडीवर कर्नाटकात काहीच नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. लहान पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, मोठ्या डिझेल गाड्यांवरचा अधिभारासहित ५० टक्क्यांचा बोजा ४० वर आला आणि विजेवरच्या गाड्या ५ टक्क्यांवरच राहिल्या. म्हणजे ज्या डिझेल गाडीचे दिवस संपले असे मानून ज्यांनी मनाची तयारी केली होती, त्यांना तीच गाडी पुन्हा परवडू लागली.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हा हिशेब आणखी एका कारणाने नाजूक होतो. तिथल्या फाउंड्रीत आणि मशीनशॉपमध्ये इंजिनांचे ओतीव भाग आणि क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरता दांडा) तयार होतात. बॅटरीवरच्या मोटारीला क्रँकशाफ्ट लागत नाही, हायब्रिडला लागतो. तिथे दिवसभर लेथवर उभा राहणारा आणि रविवारी पहाटे चोर्ला घाटात गाडी काढणारा माणूस हायब्रिडची बाजू घेतो, तेव्हा तो गाडीबद्दल बोलत असतो आणि स्वतःच्या कामाबद्दलही.