म्युटंट कोण आणि वारसदार कोण, कॉमिक्समधला कायमचा घोळ

स्पायडरमॅन म्युटंट नव्हे. हे एकदा डोक्यात फिट बसवून घ्या, पुढचं सगळं सोपं जातंय. आमच्या बेळगावात टिळकवाडीच्या चहाच्या गाड्यावर चार कॉमिक्सवाले जमले की हाच वाद निघतोय. एकजण म्हणणार "डीएनए बदललाय की रे त्याचा, मग म्युटंटच झाला की", दुसरा म्हणणार "नाही गा, म्युटंट म्हणजे आईबापाकडनं पॉवर आलेला". दोघंपण चुकायलेत, कारण दोन वेगळे प्रश्न एकात कालवायलेत. पॉवर जन्मतः आहे का नंतर लागली, हा एक प्रश्न. ती कुणाकडनं आली, हा दुसरा. म्युटंट म्हटलं की फक्त पहिल्याचं उत्तर मिळतंय, वारसा म्हटलं की दुसऱ्याचं.

मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समध्ये म्युटंट म्हणजे ज्याच्या अंगात एक्स-जीन, म्हणजे पॉवर देणारा जीन, जन्मापासनं आहे तो. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बीनं एक्स-मेन काढलं तेव्हा स्टॅनला दरवेळी नवा अपघात शोधायचा कंटाळा आलेला, कोण किरणात सापडला, कुणाला काय चावलं, असं किती लिहिणार, म्हणून ह्यांना जन्मतःच असं करून टाकलं, हे त्यानं स्वतःच नंतर सांगितलंय. कंटाळ्यातनं निघालेली आयडिया, पण चालली बघा किती! जीन जन्मतः असला तरी पॉवर बहुतेक वेळा वयात येताना बाहेर पडते, म्हणजे आधीच मिसरूड फुटायलंय, आवाज फाटायलाय, आणि त्यात हे. एक्स-मेनमधल्या सायक्लॉप्सचे आईबाप साधी माणसं, पण त्याच्या डोळ्यातनं लाल झोत निघतोय, भाऊ हॅवॉक अंगातनं प्लाझ्मा सोडतोय, आणि एकाची पॉवर दुसऱ्याला लागत नाही. दोघंपण पक्के म्युटंट, पण आईबापापैकी कुणाची पॉवर उचलली म्हणायला तिकडं काय नव्हतंच.

ज्यांना पॉवर बाहेरनं लागली त्यांना मार्व्हलवाले म्युटेट म्हणतात. १९६१ मध्ये फँटॅस्टिक फोर कॉस्मिक किरणांत सापडले, १९६२ मध्ये हल्क गॅमा किरणांत आणि त्याच वर्षी पीटर पार्करला किरणोत्सारी कोळी चावला. डीएनए बदलला असेल नसेल, एक्स-जीन नाही म्हणजे म्युटंट नाही, विषय संपला. डेडपूल पण नव्हे, त्याची जखम भरायची पॉवर वुल्व्हरिनवरनं उचलून लॅबमध्ये घातलेली. आणि जगरनॉट एक्स-मेनच्या गोष्टीत कायम असतोय म्हणून लोक त्याला म्युटंट धरतात, त्याची ताकद तर जादूच्या माणकातनं आलेली, तिथं जीनचा काय संबंधच नाही.

आता वारसा. शेताच्या उताऱ्यासारखं धरा, बापानं स्वतः कमवून घेतलेली जमीन असली तरी पोराच्या लेखी ती वडिलार्जितच. क्रिश सिनेमाचं नेमकं तेच आहे. रोहितला पॉवर जादू नावाच्या परग्रहवाल्यानं दिली, म्हणजे बाहेरनं आलेली, पण त्याच्या पोराला, कृष्णाला, ती जन्मतः मिळाली, बापाकडनं. मार्व्हलमध्ये मेडे पार्कर तशीच. १९९८ च्या एका पर्यायी विश्वातल्या गोष्टीत पीटर आणि मेरी जेनची ही पोरगी बास्केटबॉल खेळता खेळता अशी उडी मारते की तिलाच कळंना काय झालं. जन्मतः पॉवर आहे, वयात येताना बाहेर आली, सगळं म्युटंटसारखंच, तरी तिला म्युटंट म्हणत नाहीत, कारण मूळ कोळ्याच्या चाव्यात.

उलट म्युटेशन आणि वारसा दोन्ही एकाच माणसात बघायचं असेल तर बान्शी आणि सायरिन. बापाच्या गळ्यातनं कानठळ्या बसवणारी किंकाळी निघते, त्यावर तो उडतोय पण, आणि पोरीची पॉवर सेम टू सेम. बापाला पोरगी आहे हेच माहीत नव्हतं, चुलतभाऊ ब्लॅक टॉमनं तिला वाढवलं, म्हणजे शिकवणीचा प्रश्नच नाही, शुद्ध रक्ताचा मामला.

पण रक्त म्हटलं की शी-हल्क आठवते आणि तिथंच सगळे गंडतात. जेनिफर वॉल्टर्स ही ब्रूस बॅनरची आतेबहीण, वकील. गुंडांनी गोळ्या घातल्या, दवाखान्यात न्यायला वेळ नाही, म्हणून ब्रूसनं स्वतःचं रक्त दिलं आणि ती हिरवी झाली, १९८० ची गोष्ट. एकाच घरातलं रक्त, तरी हा वारसा नव्हे! आडनाव, नातं, रक्तगट काही का असेना, पॉवर आली ती सलाईनसारखी नळीतनं. त्या नात्यामुळंच लोक फसतात.

आणि वारसा मिळेलच असंपण नाही, हे मला सगळ्यात भारी वाटतंय. सेबरटूथ म्युटंट, मिस्टिक म्युटंट, आणि त्यांचा पोरगा ग्रेडन क्रीड साधा माणूस. एवढंच नव्हे, तो मोठा होऊन म्युटंटांच्या विरोधात संघटना काढतोय. आई निळी, बाप केसाळ, दोघंपण अफाट, आणि पोराला काहीच नाही, मग राग येणारच की.

खऱ्या विज्ञानात हे सगळं वेगळं. म्युटेशन म्हणजे डीएनएतला कुठलाही बदल, बरेचसे तर काहीच करत नाहीत. प्रत्येक बाळात असे साठएक नवे बदल असतात, जे आईतही नसतात आणि बापातही. हर्मन मुलरनं १९२७ मध्ये फळमाश्यांवर एक्स-रे सोडून म्युटेशन वाढतात हे दाखवलं, १९४६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण पोरांपर्यंत जायला बदल बीजपेशीत व्हायला पाहिजे, कातडीला किरण लागून भागत नाही. म्हणजे पीटरचा हात चावून मेडेपर्यंत काय पोचायचं असेल तर तो कोळी लई खोल पोचला म्हणायचा.

ह्या सगळ्या घोळाचं मोठं उदाहरण फ्रँकलिन रिचर्ड्स. फँटॅस्टिक फोरमधल्या रीड आणि स्यूचा पोरगा, १९६८ मध्ये जन्मला, स्यूच्या रक्तातल्या किरणांमुळं बाळंतपणच धोक्यात आलेलं, तर रीड बाळंतिणीला वाचवायला निगेटिव्ह झोन नावाच्या दुसऱ्या विश्वात जाऊन अॅनिहिलस ह्या खलनायकाचा रॉड घेऊन येतोय. आईबाप म्युटेट, पोरगा जन्मतः पॉवरवाला आणि पॉवर आईबापासारखी नव्हे, वास्तवच बदलायची. वारस म्हणावं का म्युटंट? मार्व्हलनं वर्षानुवर्षं म्युटंट म्हटलं. मग २०२० मध्ये एक्स-मेनच्या प्रोफेसर झेव्हियरनं पोराला सांगितलं की तू म्युटंट नाहीसच, तुझ्याच पॉवरनं तू नकळत स्वतःला खोटा एक्स-जीन लावून घेतलास. अरे काय! लेखकाला पाहिजे तेव्हा खातं बदलायचं, ही पद्धत मला तरी आवडत नाही.

इनह्युमन्सचं जरा सोपं, क्री नावाच्या परग्रहवाल्यांनी पूर्वजांवर प्रयोग केले, ते जीन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, पण टेरिजन धुकं लागल्याशिवाय पॉवर जागी होत नाही. डीसी ह्या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीकडं मेटाजीन आहे, तो संकटात चालू होतोय. सुपरमॅन ह्या कशातच नाही, क्रिप्टॉनचा कोणपण पिवळ्या सूर्याखाली आला की तसाच होणार.

राहता राहिला नेमोर, १९३९ पासनंचा गडी. आई समुद्राखालची राजकन्या, बाप साधा जहाजाचा कप्तान. पाण्यात श्वास घ्यायचं आईकडनं आलं, तो वारसा, पण घोट्यावरचे छोटे पंख ना आईला ना बापाला, ते म्युटेशन. म्हणून मार्व्हल त्याला आपला पहिला म्युटंट म्हणतंय आणि वादात दोन्ही बाजूचे लोक त्यालाच पुढं करतात, तर पैज लावायची असेल तर नेमोरवर तेवढी लावू नका.