सलीम अली फळवटवाघूळ

शास्त्रीय नाव : लॅटिडेन्स सलीमअलीआय थाँगलाँग्या, 1972. कायरोप्टेरा गणाच्या टेरोपोडिडी कुलातील, पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील जंगलांत आढळणारे फलाहारी वटवाघूळ. लॅटिडेन्स या प्रजातीत (जीनस) ही एकच जाती (स्पीशीज) आहे.

मूळ नमुना अँगस हटन या मळेवाल्या निसर्गअभ्यासकाने 1948 मध्ये मदुराईजवळच्या हाय वेव्ही (मेघमलाई) डोंगरांत मिळवला. तो मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आला आणि सायनॉप्टेरस स्फिंक्स या सर्वत्र दिसणाऱ्या आखूडनाक्या वटवाघळाच्या नावाखाली जवळजवळ पाव शतक पडून राहिला. थायलंडचे प्राणिवैज्ञानिक किट्टी थाँगलाँग्या यांनी तो तपासला तेव्हा फरक उघड झाला. सायनॉप्टेरसला आखूड शेपूट असते, याला बाहेरून शेपूटच नाही. त्याच्या प्रत्येक जबड्यात कृंतक (पुढच्या, कापणाऱ्या) दातांच्या दोन जोड्या, याच्या एकच. शिवाय स्फिंक्सच्या कानांची फिकट किनार इथे नाही. दात व शेपूट या दोन्ही बाबी लक्षात घेता, नव्या जातीवर न थांबता नवी प्रजाती करण्याचा त्यांचा निर्णय योग्यच वाटतो. पुढील वर्गीकरणांत तो टिकून आहे.

लॅटिडेन्स म्हणजे रुंद दातांचा. जातिनाम पक्षिवैज्ञानिक सलीम अली यांच्या गौरवार्थ दिलेले आहे. पुरुषाच्या नावाला लॅटिन षष्ठीचा ‘आय’ (i) जोडायचा असतो. ‘सलीमअली’ मुळातच ‘आय’ने संपत असल्याने रोमन लेखनात तो दोनदा येतो (salimalii). एक गाळणे ही चूक ठरते. नाम षष्ठीत असल्याने प्रजातीनामाच्या व्याकरणिक लिंगानुसार ते बदलतही नाही. वर्णनकर्त्याचे नाव कंसात का नाही, हेही पाहण्याजोगे आहे: स्फिंक्स ही जाती व्हाल यांनी 1797 मध्ये व्हेस्परटिलिओ प्रजातीत घातली होती, नंतर ती सायनॉप्टेरस प्रजातीत हलली, म्हणून ‘(व्हाल, 1797)’ असे लिहितात. लॅटिडेन्स सलीमअलीआय मात्र आपल्या मूळ प्रजातीतच आहे.

थाँगलाँग्या 1974 मध्ये वारले. त्याच वर्षी थायलंडमधील एका अतिलहान वटवाघळाला क्रेसिओनिक्टेरिस थाँगलाँग्यआय हे नाव मिळाले.

सलीम अली फळवटवाघूळ 1993 मध्ये पुन्हा सापडले. नंतर तमिळनाडूतील कळक्काड-मुंडनतुरै भागातूनही त्याची नोंद झाली. ते दिवसा गुहांत विसावते. धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय (आययूसीएन) यादीत ते संकटग्रस्त गणले जाते.