विकेंद्रित समाजमाध्यमे व खानदेश

विकेंद्रित समाजमाध्यमे : एकाच कंपनीच्या मालकीच्या यंत्रणेऐवजी, स्वतंत्रपणे चालवलेले अनेक सर्व्हर एका समान प्रोटोकॉलने (संवादाच्या ठरलेल्या नियमांनी) परस्परांशी जोडून तयार झालेली समाजमाध्यमे. मास्टोडॉन, डायस्पोरा, मॅट्रिक्स, नॉस्टर व ब्लूस्काय ही त्यांची परिचित उदाहरणे होत. प्रस्तुत नोंदीत खासगीपणा, खोट्या माहितीचा प्रसार व डिजिटल स्वातंत्र्य या अंगांनी त्यांचा विचार केला असून संदर्भ धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांचा, म्हणजे खानदेशाचा घेतला आहे. त्याला सबळ कारण आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) येथे देण्यात आले; मोबाइलवरून पसरलेल्या अफवेतून पाच जणांची हत्या १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे झाली. खासगीपणा व अपप्रचार यांविषयीच्या राष्ट्रीय चर्चेला वळण देणाऱ्या घटनांत या दोन्हींची गणना करावी लागते.

उगम : या माध्यमांचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो ई-मेलपर्यंत (तिचा एसएमटीपी हा प्रोटोकॉल, १९८२) किंवा त्याहून आधीच्या यूझनेट या संगणकीय चर्चाजाळ्यापर्यंत (१९७९-८०) मागे नेतात. कारण दोन्हींत निरोप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सोपवला जाई आणि मध्ये कोणी एक मालक नव्हता. दुसरे मत १९९९ मध्ये जॅबर या नावाने सुरू झालेल्या व पुढे एक्सएमपीपी म्हणून प्रमाणित झालेल्या संदेशप्रणालीच्या बाजूने आहे. मात्र खाते, अनुसरण व सार्वजनिक मजकुराचा सलग प्रवाह हे निकष लावले, तर इव्हान प्रोड्रोमू यांनी २००८ मध्ये सुरू केलेली आयडेंटिका ही सेवा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तिची लॅकोनिका ही मुक्त आज्ञावली (सॉफ्टवेअर) पुढे स्टेटसनेट व २०१३ च्या सुमारास ग्नू सोशल या रूपांत चालू राहिली. ओस्टेटस हा प्रोटोकॉल याच परंपरेतला. न्यूयॉर्कमधील चार विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये लोकवर्गणीतून उभारलेला डायस्पोरा हा समांतर प्रवाह होय. ऑयगेन रोखको यांचे मास्टोडॉन (२०१६) आधी ओस्टेटसवर चाले. २०१७ मध्ये त्याने ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल स्वीकारला, आणि जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने त्या प्रोटोकॉलला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. ॲक्टिव्हिटीपबच्या लेखकांत प्रोड्रोमू यांचेही नाव असल्याने आयडेंटिकापासूनचा धागा अखंड दिसतो.

भारतात फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडिया या स्वयंसेवी गटाने पॉडरी ही डायस्पोरा सेवा चालवली. मास्टोडॉनचे नाव सर्वसाधारण वाचकांपर्यंत पोहोचले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर अनेक भारतीय वापरकर्ते तिकडे वळले. ही लाट लवकरच ओसरली.

रचना व खासगीपणा : समजा, धुळ्यातील एका सर्व्हरवरच्या खातेदाराने जळगावच्या सर्व्हरवरील ओळखीच्या व्यक्तीला मास्टोडॉनवरून खासगी निरोप पाठवला. धुळ्याचा सर्व्हर प्रथम वेबफिंगर या पत्ता शोधणाऱ्या प्रणालीद्वारे त्या व्यक्तीची पेटी कोठे आहे ते विचारून घेतो, मग निरोपाच्या पाकिटावर खातेदाराच्या किल्लीने (गुप्त सांकेतिक अंकमालेने) सही करून तो जळगावच्या पेटीत टाकतो. जळगावचा सर्व्हर सही पडताळतो. या सहीने निरोप कोणाकडून आला ते सिद्ध होते, मजकूर मात्र झाकला जात नाही. तो दोन्ही ठिकाणच्या डेटाबेसमध्ये वाचता येईल अशा रूपात पडून राहतो आणि दोन्ही व्यवस्थापकांना तो उघडून पाहता येतो. सही करणारी किल्लीही खातेदाराच्या फोनमध्ये नसून सर्व्हरवरच असते. निरोप नंतर पुसला, तर जळगावकडे तो पुसण्याची विनंती जाते. ती मानणे त्या सर्व्हरच्या हाती. मोठ्या कंपनीच्या पाळतीतून सुटका होते हे खरे, परंतु विश्वास आता सर्व्हर चालवणाऱ्या माणसावर टाकावा लागतो. लहान गावात हा माणूस ओळखीचा, कदाचित भाऊबंदकीतला असतो. हे सोयीचे तसेच अडचणीचेही आहे.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिवा या मास्टोडॉन सर्व्हरच्या एका व्यवस्थापकाच्या घरावर एफबीआयचा छापा पडला, तेव्हा सर्व्हरच्या डेटाबेसची कूटबद्ध न केलेली प्रत तपास यंत्रणेच्या हाती गेली. मॅट्रिक्समध्ये २०२० पासून खासगी संभाषणे आपोआपच आद्यंत कूटबद्ध (फक्त पाठवणारा व घेणारा यांनाच वाचता येतील अशी) असतात. कोण कोणाशी केव्हा बोलले याची नोंद मात्र सर्व्हरवर उरते. नॉस्टरमध्ये ओळख म्हणजे किल्ल्यांची जोडी, एक जाहीर व एक गुप्त. गुप्त किल्ली हरवली तर खाते परत मिळवून देणारे कोणी नसते.

राईनपाडा व अफवांचा प्रश्न : राईनपाड्याला त्या रविवारी आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढा परिसरातून भिक्षेसाठी आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबले व तेथेच ठार मारले. अशा टोळ्या फिरत असल्याचे मेसेज त्या काळात व्हॉट्सॲपवर सर्वत्र फॉरवर्ड होत होते. बहुरूपी, गोसावी, जोशी अशा फिरस्त्यांना अनोळखी गावात जाण्यावाचून पोट भरता येत नाही. अफवेचा पहिला घाव त्यांच्यावरच बसतो, ही बाब तांत्रिक चर्चेत मागे पडते आणि ती पडू नये. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळी रोखण्यासाठी निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फॉरवर्ड करण्याची मर्यादा पाच चॅटवर आणली.

व्हॉट्सॲप विकेंद्रित नाही. ते एका कंपनीचे आहे. २०१६ पासून ते आद्यंत कूटबद्ध असल्याने मजकूर कंपनीलाही दिसत नाही, तरी फॉरवर्डची मर्यादा एका निर्णयाने सर्वांवर लादता आली. विकेंद्रित जाळ्यात असा निर्णय घेणारा एक हातच नसतो. त्याऐवजी प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याशी संबंध तोडू शकतो. २०१९ मध्ये द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेले गॅब मास्टोडॉनच्या आज्ञावलीवर आले, तेव्हा बहुसंख्य सर्व्हरांनी त्याला असेच वाळीत टाकले. गॅब बंद पडले नाही. त्याचा मजकूर इतरांपर्यंत पोहोचणे थांबले. विकेंद्रीकरण हा अफवेवरचा उतारा आहे, हे काही समर्थकांचे मत यामुळे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. जो सर्व्हर स्वतःच अफवेच्या बाजूने असेल, त्याच्या आतल्या लोकांना बाहेरून संबंध तोडल्याने काहीच आडकाठी होत नाही.

अफवेला स्थानिक आठवणींचे खतपाणी मिळते. देशात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे आढळला होता. २०२० च्या आरंभी चिकनमधून करोना पसरतो ही निराधार अफवा देशभर फिरली. नवापूरसारख्या कुक्कुटपालनाच्या गावी एकेकाळची खरी साथ आणि ही नवी खोटी बातमी यांतला फरक सांगायला परिसर जाणणारा माणूसच लागतो.

भाषेचा प्रश्न : नियंत्रणाचे (अयोग्य मजकूर तपासून हटवण्याचे) काम करणाऱ्याला मजकुराची भाषा कळावी लागते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची मातृभाषा म्हणून मराठीहून वेगळी नोंदली आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) ती भिल्ल भाषांच्या गटात घातली आहे; मराठीतील अनेक अभ्यासक अहिराणीला, म्हणजे खानदेशीच्या मुख्य रूपाला, मराठीची बोली मानतात. मजकूर तपासण्याच्या दृष्टीने जनगणनेची स्वतंत्र नोंद अधिक उपयोगी, कारण ‘पोरे पकडणारा उनात’ (मुले पकडणारे आले) या ओळीतला इशारा प्रमाण मराठीवर बेतलेल्या यंत्राला कळेलच असे नाही. ॲक्टिव्हिटीपबमध्ये प्रत्येक मजकुराला भाषेची खूण लावता येते, आणि भाषांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंहितेत अहिराणीसाठी ए-एच-आर, तर खानदेशीसाठी के-एच-एन अशी स्वतंत्र अक्षरे ठरलेली आहेत. म्हणजे तांत्रिक अडसर नाही. भिली, पावरी, तडवी व लेवा गणबोली जाणणारे नियंत्रक स्थानिक सर्व्हरला गावातच मिळू शकतात. विकेंद्रित रचनेचा खानदेशाला होऊ शकणारा सर्वांत ठोस लाभ हाच होय.

कायदा व स्वातंत्र्य : आधारला दिलेल्या आव्हानातूनच २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल आला व नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याआधी श्रेया सिंघल निकालाने (२४ मार्च २०१५) माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा ठरवणारे कलम ६६ अ रद्द केले होते. २०२१ च्या मध्यस्थ (इतरांचा मजकूर वाहून नेणाऱ्या सेवा) नियमांनुसार संदेशाचा पहिला प्रेषक शोधून देण्याचे बंधन ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांनाच आहे. त्यामुळे सुटा सर्व्हर त्यातून वगळला जातो. तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे, तक्रारीची २४ तासांत पोच देणे ही बंधने मात्र लहान मध्यस्थांनाही लागू आहेत. फावल्या वेळात, पदरमोड करून सर्व्हर चालवणाऱ्याला हा भार जड जातो. फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटीशी संबंधित एका स्वयंसेवकाने या नियमांना केरळ उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा निव्वळ घरगुती वापर वगळतो आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. विद्यार्थ्यांसाठी सर्व्हर उघडू पाहणाऱ्या महाविद्यालयाला किंवा वाचनालयाला ही अट आधी विचारात घ्यावी लागेल.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधील दहशतवाद्यांकडून वापर होत असल्याचे कारण देऊन १४ संदेशॲपवर बंदी घातल्याचे जाहीर झाले. त्यांत ब्रायर व मॅट्रिक्सवर चालणारे एलिमेंट होते. ब्रायरला सर्व्हर लागत नाही. इंटरनेट नसताना जवळपासचे फोन ब्लूटूथ किंवा वाय-फायने परस्परांत निरोप देऊ शकतात. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या ज्या पाड्यांवर मोबाइलची रेंज धड मिळत नाही, तेथे दरडी कोसळल्यावर किंवा आजाऱ्याला खाली आणताना उपयोगी पडावे असेच हे तंत्र आहे.