घरचा टेलिफोन : खरखर आणि विजेपासून बचाव

तांब्याच्या लँडलाइनवरची खरखर, गुणगुण थांबवणं आणि वळवाच्या विजांपासून फोन वाचवणं, दोन्ही एकाच नोंदीत घेतलंय कारण दोन्हीचं मूळ त्याच दोन तारांत आहे.

भारतात मुंबई, कलकत्ता, मद्रासला एक्स्चेंज आली १८८२ ला. जगभर तेव्हा एकेरी तार आणि परतीचा रस्ता जमिनीतून अशी पद्धत बरीच रूढ होती, त्यामुळे जमिनीतला सगळा गोंगाट कानात. दुहेरी तारेचं श्रेय कुणी जॉन कार्टी या अमेरिकन टेलिफोन इंजिनियरला देतं कुणी बेलला, पण पीळ दिलेल्या जोडीचं बेलचं पेटंट १८८१ चं आहे, म्हणून पारडं जरा बेलकडंच झुकतं. पिळामुळं बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा बसतो, फोनला ऐकू येतो तो फक्त दोघींमधला फरक, म्हणजे गोंगाट कटतो. ओल लागून एका तारेचा जमिनीशी संबंध आला (अर्थिंग मिळालं) की हा तोल गेला, ५० हर्ट्झची गुणगुण सुरू. हिरवट पडलेला जोड तर डायोडसारखा, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागासारखा वागून मध्यम लहरींवरचं स्टेशनसुद्धा पकडतो.

कोल्हापूरच्या पावसात म्हणूनच ड्रॉप वायर, म्हणजे खांबावरून येणारी तार, घरात घ्यायच्या आधी खाली झोल सोडायचा, पाणी तिथंच ठिबकतं, रोझेटमध्ये (भिंतीवरच्या जोडाच्या डबीत) उतरत नाही. त्याच तारांवर ब्रॉडबँड असेल तर प्रत्येक फोनला फिल्टर, म्हणजे त्याची खरखर बोलण्यात येत नाही.

वळीव एप्रिल-मेचा. वीज लाइनवर थेट पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी दोन्ही तारा एकदमच हजारो व्होल्टवर जातात, पीळ इथं काही कामाचा नाही. मग गॅस ट्यूब, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की पेटून ते जमिनीत सोडणारी वायू भरलेली छोटी नळी. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी, रिंगला त्यावर साधारण ७५ व्होल्ट एसी, म्हणून ट्यूब २३० व्होल्टच्या आसपास पेटणारी घेतात, नाहीतर रिंग वाजली की तीच पेटायची. तीन टोकांची बरी, कारण दोन सुट्या ट्यूबांतली एक आधी पेटली तर मधला सगळा फरक फोनवर येतो.

ट्यूबच्या अर्थिंगला वेगळा खड्डा की लाइटचीच अर्थिंग, यावर दोन मतं. दुसरं जास्त मान्य, कारण दोन अर्थिंगमधला फरक नेमका अडॅप्टरवाल्या कॉर्डलेसमधून वाहतो (आणि अशा वेळी दोष मात्र लाइनमनला). थेट पडलेल्या विजेपुढं ट्यूबही टिकत नाही, तेव्हा आभाळ भरलं की लाइन आणि अडॅप्टर दोन्ही काढायचे, गडगडाट सुरू झाल्यावर पिनला हात लावायचा नाही, वायरच्या फोनवर बोलायचंही नाही.

फायबरच्या काचेतून वीज येत नाही, अडॅप्टरमधून येते.